ला मासिया की लेझामा?

युरोपातल्या फुटबॉल अकादम्यांचा विषय निघाला की बार्सिलोनाच्या ला मासियाचं नाव आधी येतं, आणि ते रास्तच आहे. १९७९ पासून तिथे मुलं राहून शिकतात. सरावाचा गाभा म्हणजे रोंडो: मुलं गोल करून उभी, मध्ये दोघं चेंडू हिसकावायला, आणि बाहेरच्याने शक्यतो एकाच स्पर्शात पास द्यायचा. चेंडू येण्याआधीच मान वळवून मोकळा साथीदार हेरायची सवय इथे लागते. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्कारात २०१० साली पहिले तिघे इथलेच: मेस्सी, इनिएस्ता, झावी. आता इथूनच आलेला लामिन यामाल.

उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबची अकादमी लेझामा १९७१ ची. हा क्लब फक्त आसपासच्या बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडूच घेतो. तरीही ला लीगातून, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च साखळीतून, तो एकदाही खालच्या श्रेणीत गेलेला नाही, आणि २०२४ मध्ये याच अकादमीतून आलेल्या विल्यम्स बंधूंसह कोपा देल रे हा स्पेनचा चषकही जिंकला.

प्रतिभेची उंची पाहिली तर ला मासियाला तोड नाही. पण अकादमीचं काम पहिल्या संघाला वर्षानुवर्षं खेळाडू पुरवणं असेल, तर माझं मत लेझामाला. बार्सिलोनाला उणीव भासली की बाहेरून खेळाडू विकत घ्यायला बाजार खुला असतो. बिल्बाओला बहुतेकदा आपल्याच मुलांकडे पाहावं लागतं.