घरी येऊन स्लीप टेस्ट करणारी सर्व्हिस: आमचा अनुभव (४ स्टार)

बाबा घोरतात यात आमच्या घरात कुणाला नवल नाही, दमलेत बिचारे, ढाराढूर झोपलेत असंच आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. दिवाळीत सगळे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो होतो, मला झोप येत नव्हती आणि त्यांचं घोरणं एकदम थांबलं, छाती हलतेय पण श्वासाचा आवाजच नाही, मी मनात आकडे मोजत होते, वीसपर्यंत गेले तेव्हा गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतला त्यांनी. आई म्हणाली, अगं रोजचंच आहे ते!

सकाळी डोकं जड, घसा कोरडा, रात्री तीनदा लघवीला उठणं, पेपर वाचता वाचता डुलकी, बीपीच्या दोन गोळ्या चालू तरी बीपी वरच. हे सगळं आम्ही वयावर ढकललं होतं. डॉक्टरांनी गळ्याचा घेर मोजला, साडेसतरा इंच भरला, म्हणाले झोपेत श्वास अडत असावा (स्लीप अ‍ॅप्निया), आधी ही टेस्ट करा आणि तोवर गाडी चालवू नका.

संध्याकाळी सर्व्हिसचा मुलगा मशीन घेऊन घरी आला, छातीला बेल्ट, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. हॉस्पिटलमध्ये झोपायला बाबा कधीच तयार झाले नसते त्यामुळे हे फार बरं पडलं. पण लावायचं कसं ते त्याने घाईत दाखवलं, रात्री क्लिप निसटली आणि रेकॉर्डिंग वाया गेलं. दुसऱ्या दिवशी परत आला, जादा पैसे घेतले नाहीत.

रिपोर्टमध्ये तासाला ३८ वेळा श्वासाला अडथळा, ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत खाली. अडथळे तासाला ५ च्या खाली नॉर्मल आणि ३० च्या वर म्हणजे गंभीर, हे आम्हाला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं, सर्व्हिसवाल्यांनी नुसती पीडीएफ पाठवून दिली, एक फोन करून समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? एक स्टार तिथेच कापला. अशा रात्रींनी हार्टवर ताण येतो, स्ट्रोकचा धोका वाढतो, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत निवांत झोपलेलो.

आता सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) सुरू आहे. मास्कला पहिला आठवडा बाबा वैतागले पण सकाळचं डोकं दुखणं थांबलंय.

टेस्ट करणार असाल तर त्या रात्री नेलपेंट नको, रीडिंग चुकू शकतं, आणि मुलगा बेल्ट लावून दाखवत असताना फोनवर व्हिडिओ काढून ठेवा.