मेन डोअरचं लॉक बदलताना सिलिंडर, लॅच आणि चौकटीतली ती पट्टी

पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांची लॉक्स बदलून आता बरेच महिने झालेत, रोजच्या वापरानंतर मत पक्कं झालंय म्हणून लिहितेय. पुढच्या दाराला लॉकची बॉडी तीच ठेवून फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, नवीन घातला, बाहेरून डिंपल किल्ली (दात्यांऐवजी खळगे असलेली) आणि आतून हाताने फिरवायचा नॉब असलेला. मागच्या दाराचं जुनं नाइट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं लॉक) काढून डेडबोल्ट, म्हणजे स्प्रिंगशिवायच्या जाड बोल्टचं लॉक, लावला. सिलिंडरवर मी एकदम खूश आहे, डेडबोल्टही मजबूत आहे, पण त्याच्यासोबत आलेले स्क्रू बघून राग आला, त्यावर खाली लिहिते.

सगळ्यात आधी हे बघा की आख्खं लॉक बदलायची गरज आहे का. मॉर्टाइज लॉक असेल, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेलं, आणि हँडल, बोल्ट नीट चालत असतील तर किल्ली हरवली किंवा अडकायला लागली म्हणून सगळं उखडायचं काही कारण नाही. दाराच्या कडेला पट्टीवर, किल्लीच्या लेव्हलला एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा, किल्ली घालून किंचित फिरवायची की सिलिंडर हातात येतो. सुतारकाम शून्य. लॉक विकणारे बरेचदा हे सांगतच नाहीत, सरळ पूर्ण सेट पुढे करतात.

मोजमाप मात्र नीट घ्या. सिलिंडरची नुसती एकूण लांबी घेऊन चालत नाही, मधल्या स्क्रूच्या भोकापासून बाहेरची बाजू किती आणि आतली किती हे वेगवेगळं मोजायचं. एकूण ७० मिमी म्हणजे ३५-३५ पण असू शकतं आणि ३०-४० पण, आणि चुकीचा घेतला तर एका बाजूने बाहेर डोकावत राहतो. तो डोकावणं फक्त दिसायला वाईट नाही, धोक्याचं आहे, कारण त्या स्क्रूच्या भोकापाशी सिलिंडर सगळ्यात बारीक असतो आणि बाहेर आलेला भाग पकडीत धरून जोर दिला की तिथेच मोडतो. हँडलच्या प्लेटबाहेर ३ मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नका. मी अँटी-स्नॅप घेतला, त्याला पुढच्या बाजूला मुद्दाम खाच दिलेली असते, म्हणजे जोर लावलाच तर पुढचा तुकडा तुटतो आणि मागचं लॉक बंदच राहतं. ब्रिटिश टीएस ००७ मानकात सिलिंडरला स्टार देतात, पाकिटावर ३ स्टार असतील तर उत्तम, १ स्टारच्या सिलिंडरला २ स्टारचं हँडल जोडलं तरी तीच पातळी धरतात. अमेरिकन पद्धतीच्या डेडबोल्टवर ग्रेड असते, त्यात १ सगळ्यात वरची आणि ३ खालची, हे उलटं वाटतं म्हणून लक्षात ठेवा.

वापरायला कसा आहे? छान. किल्लीला उलटं-सुलटं नाही, अंधारात कशीही घाला, आत जाताना बारीक टकटक जाणवते आणि एका बोटाच्या जोरावर फिरते. आतून नॉब घेतला याचं फार समाधान आहे. दोन्हीकडून किल्ली लागणारं लॉक घरात नकोच असं माझं ठाम मत आहे, आग लागली किंवा रात्री कोणाला बरं नाही म्हणून पळायची वेळ आली तर किल्ली कुठे शोधत बसणार. हां, दाराला किंवा दाराशेजारी काच असेल तर काच फोडून नॉबपर्यंत हात पोचतो, तिथे आधी काचेचं बघा. आणि दोन्हीकडून किल्लीवालाच घ्यायचा असेल तर आतून किल्ली लावलेली असतानाही बाहेरून उघडतो का हे विचारा, साध्या सिलिंडरला तसं उघडत नाही, घरात एकटं वयस्कर माणूस असेल तर हे फार महत्त्वाचं.

आता मागचं दार. नाइट लॅचची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, दार ओढलं की आपोआप लागतं ही सोय खरी, पण साध्या लॅचची जीभ फटीतून कार्ड सरकवून मागे ढकलता येते. डेडबोल्टचा चौकोनी बोल्ट किल्लीशिवाय किंवा नॉबशिवाय मागे जात नाही. बोल्ट निदान १ इंच बाहेर येणारा घ्या.

आणि ती स्क्रूची गोष्ट. बोल्ट ज्या पट्टीत जातो ती चौकटीवरची पट्टी लावायला पाऊण इंचाचे स्क्रू दिले होते! एवढं दणकट लॉक, आणि त्याला धरून ठेवणारे स्क्रू लाकडाच्या वरच्या थरातच संपतात, दारावर लाथ बसली की लॉक शाबूत राहतं आणि चौकट फाटते. ते बाजूला ठेवून ३ इंची लावून घेतले, चौकटीतून आरपार मागच्या आधारापर्यंत जाणारे. खर्च किरकोळ, फरक सगळ्यात मोठा, म्हणून कोणी लॉक बदलतंय म्हटलं की मी आधी स्क्रूच विचारते.

बसवल्यावर बोल्ट थोडा घासत होता. लॉक खराब आहे असं ठरवायच्या आधी बोल्टच्या टोकाला खडू घासला, दार लावून किल्ली फिरवली, तर खूण भोकाच्या खालच्या काठावर उमटली. म्हणजे दारच जरा खाली बसलेलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळले, काम झालं. पट्टीमागचं भोकही पुरेसं खोल हवं, नाहीतर बोल्ट अर्धाच बाहेर येतो आणि आपल्याला वाटतं लॉक लागलं.

डिजिटल लॉक पण बघितलं होतं. ज्यांच्या घरात किल्ल्या सतत हरवतात त्यांना पिनवालं खरंच सोयीचं आहे, फक्त बॅटरी संपल्यावर बाहेरून पॉवर द्यायची सोय किंवा साधी किल्ली असलेलंच घ्या, आणि दार घासत असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण छोटी मोटर अडलेला बोल्ट ओढत नाही.

दोन्ही दारांना एकच किल्ली हवी असेल तर ऑर्डर करतानाच सांगा, दोन्ही सिलिंडर एकाच प्रकारच्या किल्लीचे लागतात. लॉकमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून सिलिंडरच्या आतल्या बारीक पिना जाम होतात, ग्रॅफाइट पावडर वापरा. आणि बसवणारा माणूस जायच्या आत दार उघडं ठेवून सगळ्या किल्ल्या एकेक करून फिरवून बघा, मग दार लावून परत एकदा, त्यानंतरच जुनं लॉक टाकून द्या.