रोटरी इंजिन निळा धूर सोडतंय: उघडण्याआधी कशावर विश्वास ठेवायचा?

मिरगाला झाकून ठेवलेलं इंजिन चवथ झाल्यावर टेस्ट स्टँडवर सुरू करायचं आणि शेडभर निळा धूर व्हायचा, की गोव्यात फोंडा असो वा वास्को, पहिला सल्ला ठरलेला: "आधी कॉम्प्रेशन (इंजिनात तयार होणारा दाब) बघ." होमबिल्ट (घरी बांधलेल्या) विमानासाठी घेतलेल्या माझदा १३बी या रोटरी इंजिनात, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या इंजिनात, ऑइल सील गेलेत का, हे ठरवायचं असेल तर नेमकी हीच तपासणी सगळ्यात कमी कामाची.

कॉम्प्रेशन धरतात ते रोटरच्या टोकांवरचे अपेक्स, बाजूचे साइड आणि कोपऱ्यांतले कॉर्नर सील. ऑइल सील वेगळे. रोटरच्या दोन्ही सपाट बाजूंना दोन-दोन कड्या, म्हणजे दोन रोटरच्या इंजिनात आठ. प्रत्येकीखाली स्प्रिंग आणि जोडीला रबरी ओ-रिंग. रोटरच्या पोटात फिरून त्याला थंड करणारं तेल ज्वलनाच्या जागेत जाऊ न देणं एवढंच त्यांचं काम. म्हणून कॉम्प्रेशन झकास आणि इंजिन मात्र तेल पितंय, असं होऊ शकतं. त्यात साध्या गेजवर रोटरच्या तीन तोंडांपैकी सगळ्यात जास्त दाब तेवढाच अडकून राहतो. रोटरी टेस्टर नसेल तर गेजचा व्हॉल्व्ह काढून सुई तीनदा सारखी उडते का ते बघा. ही तपासणी करायची ती खर्चाच्या अंदाजासाठी: इंजिन उघडावंच लागलं तर फक्त ऑइल सील बदलून भागणार की अपेक्स सीलही, ते आधी कळतं.

धूर बघायला पैसे लागत नाहीत, फक्त तो कधी येतो याकडे लक्ष हवं. गरम इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला, किंवा थ्रॉटल एकदम मिटल्यावर निळा धूर आला तर संशय ऑइल सीलवर जातो, कारण थ्रॉटल मिटलं की इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि तेल ओढलं जातं. पण आधी संपमधली (तळाच्या तेलटाकीतली) तेलाची पातळी आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तपासा. जास्त भरलेलं तेलही असाच धूर काढतं. टर्बो असेल तर त्याचे सीलही संशयितच. आपल्याकडच्या दमट सकाळी सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ काही मिनिटांत विरते. विरली नाही आणि गोडसर वास आला, तर प्रश्न कूलंटचा. विमानात इंजिन पुढे असेल तर पायलटला धूर दिसायचा नाही. विमान बांधून, जमिनीवर कुणाला तरी मागे, बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करा. पोटाखालचा पत्रा आधी पुसून ठेवला तर तोही साक्ष देतो.

माझा कौल मात्र तेलाच्या वहीला, म्हणजे किती तेल भरलं त्याच्या नोंदीला. गाडीतलं रोटरी मीटरिंग पंपाने (इंजिनात थोडं-थोडं तेल सोडणाऱ्या पंपाने) मुद्दाम तेल जाळतं, त्यामुळे तिथे 'तेल कमी होतं' या तक्रारीला फारसा अर्थ नाही. तुम्ही तो पंप बंद करून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळत असाल तर गणित सोपं होतं. मग संपमधून गेलेल्या तेलाला वाटा मोजक्याच: ऑइल सील, टर्बो, ब्रीदर, नाहीतर बाहेरची गळती. शेवटची तर डोळ्यांनी दिसते. इंजिन तितकंच गरम, बंद करून तितकाच वेळ झालेला, अशा स्थितीत पातळी बघा. भरलेलं तेल वजनकाट्यावर मोजा आणि चाललेल्या तासांनी भागा. एका आकड्यावर जाऊ नका, तो चढतोय का ते पाहा.

तेल लॅबला पाठवणं ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं, आणि बेअरिंगची झीज किंवा तेलात उतरलेलं कूलंट त्यात सापडतंही. पण ऑइल सील बरेचदा हरतात ते इंजिन तापून ओ-रिंग कडक झाल्यामुळे, आणि रबराचा कडकपणा लोखंडाच्या आकड्यात दिसत नाही. उलट साइड हाउसिंग (रोटरच्या बाजूचं कवच) बिडाचं. पावसाळ्यात त्यावर गंज धरला असेल तर लोखंड उगाच जास्त दिसेल. बोअरस्कोपमधून (प्लगच्या भोकातून आत घालायच्या कॅमेऱ्यातून) ओलसर रोटर कोणता एवढं कळेल, कडी दिसणार नाही. इंजिन आडवं-उलटं बसवलं असेल तर 'कोणता प्लग ओला' हे गाडीवाल्यांचे ठोकताळे सोडून द्या.

पक्का पुरावा उघडल्यावरच. कडीच्या धारेची टेकणारी रुंदी ०.५ मिमीपेक्षा जास्त असेल तर ती बाद. कडी ०.५ मिमीपेक्षा कमी वर येत असेल तर स्प्रिंग बघा. ओ-रिंग मात्र कशाही दिसोत, नव्याच घाला. इंजिन उघडलं की कूलंटचे सीलही सगळे बदलावे लागतात.

(मोटर-ग्लायडरमधल्या एई५०आर सारख्या इंजिनात रोटर हवेने थंड होतो आणि तेल जळूनच जातं. त्याला यातलं काही लागू नाही.)

मग उघडायचं कधी? स्टार्टला थोडा धूर, पण वहीतला आकडा स्थिर असेल तर स्टँडवर चालवत राहा. आकडा चढत असेल, किंवा टाकीभर पेट्रोल संपायच्या आत तेल खालच्या खुणेला पोचेल असा हिशेब निघत असेल, तर ते इंजिन विमानावर चढवू नका. सीलचं किट मागवा.