हिरव्या दिव्याचा डबा आणि माझे १,७९,१०० रुपये

११,००० रोख. ४,५०० 'पोर्टल फी'. ७०,००० फोनवरून, दुसऱ्या दिवशी परत ७०,०००. मग २३,६०० 'नेट मीटरचं डिपॉझिट', तेही रोख. सोलरच्या नावाखाली गेलेले एकूण १,७९,१००. त्यातले ९०,००० बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात सध्या तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत काहीही बोललं जातंय.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला कुंभार. आमच्या आप्पांनी जन्मभर लाकडाचा आवा लावला. आता आजूबाजूला घरं झाली, धुराची तक्रार होते, म्हणून मी ८५,००० ला जुनी विजेची भट्टी घेतली, ४.५ किलोवॉटची. कच्चा माल ९५० अंशांवर भाजायला नऊ-दहा तास आणि ३० युनिट लागतात. घराचा खप ९० च्या आसपास, कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे बिल जवळपास शून्य. पण २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरायचं. त्या भीतीनं मी महिन्याला एकदाच भट्टी लावायचो. कुंड्या-मगांची मागणी असून हात बांधलेले. अशा माणसाला कुणी 'सोलरवर भट्टी फुकट' म्हटलं तर तो ऐकणारच ना?

तो सोलरवाला आला ते मराठी बोलत. हेच आम्हाला नडलं. सगळे फॉर्म कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं. तो म्हणाला, "दादा, आपण आपलीच माणसं, तुम्ही नुसती सही करा, मी भरतो." केली सही. पाच ठिकाणी. काय भरलं ते अजून मला माहीत नाही.

त्याचा शब्द असा: पाच किलोवॉटचा संच, बॅटरीसकट, ७८,००० अनुदान खात्यात. छपरावरच्या सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तीन किलोवॉट व त्यावर ७८,००० हे खरंच आहे, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं. अनुदान ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या संचालाच मिळतं, संच सुरू झाल्यावर, थेट ग्राहकाच्या खात्यात. हा गडी एकाच तोंडानं सांगत होता की ग्रिडची गरजच नाही, आणि ग्रिडला दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचं डिपॉझिट द्या. दोन्ही कशी खरी असतील? तेव्हा सुचलं नाही. वर हेही म्हणाला, "घरच्या मीटरवर भट्टी लावताय, वीज ऑफिसात जास्त विचारू नका." मी घाबरलो. विचारलं नाही. त्याला तेच हवं होतं.

आता तो दिवस. जानेवारी, दुपारचे बारा. सहा पॅनल छपरावर, खाली दोन बॅटऱ्या, आणि भिंतीवर एक पांढरा डबा. 'ऑटोमॅटिक चेंजओव्हर, हात लावू नका.' म्हणजे म्हणे मीटर आणि सोलर यांची आपोआप अदलाबदल करणारा. त्यावर हिरवा दिवा. त्यानं भट्टी लावली, वीस मिनिटांत कॉइल लालबुंद. मी आप्पांच्या फोटोकडे बघितलं, खरं सांगतो. बायको व्हरांड्यात उभी होती. म्हणाली, "अहो, भट्टी सोलरवर हाय तर मीटरचा लाल दिवा का एवढा लुकलुकायलाय?"

सेकंदाला दोन-तीनदा टकटक करत होता तो. मी बघितला. बघूनही तिला म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं." त्या माणसासमोर. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, बॅटरी चार्ज होतेय." भर उन्हात पॅनल असताना बॅटरी मीटरवरून कशाला चार्ज होईल? मेन स्विच पाडा म्हणायला दोन सेकंद लागले असते. ग्रिडशिवाय चालतो म्हणून कुणी संच दाखवायला आला तर आधी मेन पाडा, मग बघा काय चालतं ते.

मी खुशीत महिन्यात चार भट्ट्या लावल्या. बिल आलं, २१४ युनिट. मग डबा उघडला. आत एक इंडिकेटरचा दिवा, आणि मीटरकडून आलेली वायर सरळ भट्टीकडे गेलेली. बाकी डबा रिकामा.

पॅनल ३३० वॉटचे, सहा मिळून दोन किलोवॉटसुद्धा नाहीत. रोज आठ युनिट मिळाले तर नशीब, आणि पावसाळ्यात आमच्याकडे तेवढेही नाहीत. दोन १५० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांत साडेतीन युनिट. इन्व्हर्टर ११०० वॉटचा. त्यावर ४.५ किलोवॉटची भट्टी! लाकूड किती लागेल ते मी डोळ्यांनी सांगतो, पण हा गुणाकार केला नाही.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात, "तुम्हीच पैसे दिलेत, ही सिव्हिल केस." दुसऱ्या खेपेला, अर्ज मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा. कोर्टाबाहेर २०० रुपये देऊन टाइप करून घेतला. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला कळलं की पैसे गेलेलं खातं सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शाखेत आहे, तिकडे जा. गेलो. दोन बस बदलून. तिथला हवालदार म्हणाला, घटना कर्नाटकात घडली, तिकडेच द्या. सीमाप्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकतोय, पण चोरालाही सीमा एवढी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं! जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावा लागतो, झिरो एफआयआर. हे मला वकिलानं सांगितलं. मी ठाण्यात सांगितलं तर उत्तर आलं, "मग वकिलाकडेच जा." वीज ऑफिसात मलाच विचारलं, "नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून का नाही घेतलं?" बरोबर आहे साहेब, पण माझ्या नावानं अर्ज तरी आहे का ते बघा म्हटलं, तर सर्व्हर डाउन. दोनदा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो. मी शेवटच्या हप्त्यानंतर ४१ दिवसांनी केला. कोटेशनवरचा जीएसटी नंबर ऑनलाइन फुकट तपासता येतो. मी नंतर तपासला, नोंदणी रद्द झालेली. रोख दिलेल्या ३४,६०० ची पावती नाही, हे तर विचारूच नका. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षांची.

पॅनल छपरावरच आहेत. त्यांच्यावर दोन पंखे आणि टीव्ही चालतो. पाहुणे येऊन विचारतात, वा, सोलर लावलंत, किती पडले? बायको माझ्याकडे बघते आणि चहा टाकायला आत जाते.