टेस्टडिस्क आणि फोटोरेक : पुसलेल्या डी ड्राइव्हमधून स्मरणिका परत आली

सांगलीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं आणि वर्षाकाठी एखादी स्मरणिका. यंदा एका शाळेच्या शतकमहोत्सवाची ११२ पानी स्मरणिका हातात होती. कोरल ड्रॉमध्ये सगळी पानं लावून झालेली, दोन प्रुफं वाचून झालेली, तिसरं काढायचं तेवढं बाकी. मशीन फारच रेंगाळायला लागलं म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. विंडोज नव्यानं टाकायला लागेल म्हणाला. मी बजावून सांगितलं, "डी ड्राइव्हला हात लावू नका, माझं सगळं काम तिथं आहे."

संध्याकाळी मशीन घेऊन आला. "ताई, सगळं क्लीन करून दिलंय, आता कसं पळतंय बघा." मी धिस पीसी उघडलं. सी ड्राइव्ह ४६५ जीबी. डी नाहीच. इन्स्टॉल करताना त्यानं दोन्ही पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, डिलीट करून एकच मोठं केलं होतं. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

त्या दिवशी काम वाचवलं ते भाचीच्या एका फोननं. ती पुण्यात कंप्युटरचं शिकते. "मावशी, आत्ताच्या आत्ता बंद कर. प्लगच काढ. आणि काही शोधायला म्हणून परत लावू नकोस." कारण तिनं नंतर नीट समजावलं. पार्टिशन डिलीट झालं की हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही, कुठलं पार्टिशन कुठून कुठवर आहे ही नोंद जाते. अनुक्रमणिकेचं पान फाडलं तरी आतली पानं जागच्या जागी असतात, तसं. पण मशीन चालू राहिलं की विंडोज काही ना काही लिहीत राहते, अपडेट उतरवत राहते, आणि ते लिहिणं जुन्या पानांवरच होत जातं.

शनिवारी ती आली. येताना डिस्क बाहेरून यूएसबीला जोडायची सॅटा ते यूएसबीची केबल आणली, वेगळा ॲडॅप्टर असलेली. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. माझी डिस्क काढून तिनं स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. विंडोजनं काही विचारलं तर 'फॉरमॅट' म्हणायचं नाही, एवढी एकच ताकीद मला दिली. आणि हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क सुरू केलं.

क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. काही जीबीनंतर पैसे मागणारं फुकट नव्हे, पूर्ण फुकट, कोडसुद्धा खुला. सीजीसिक्युरिटीच्या साइटवरून झिप उतरवायची, उघडायची, चालवायची. इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याच झिपमध्ये पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेकही येतं.

पण पडदा बघून धसका बसतो. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही, सगळं इंग्रजीत आणि बाणांच्या बटणांवर. मी एकटी असते तर पहिल्या पडद्यावरच सोडून दिलं असतं, आणि टेस्टडिस्कबद्दल माझी तक्रार आहे ती हीच. ज्याचं सगळं गेलंय त्याचे हात आधीच थरथरत असतात. त्याला चुकीचं बटण दाबायची भीती वाटणार नाही, असा पडदा पाहिजे होता.

डिस्क निवडली, ॲनलाइज केलं, क्विक सर्च लावला. त्यात नवीन मोठं पार्टिशन तेवढं दिसलं. मग डीपर सर्च. याला आमच्या केबलवर साडेतीन तास लागले. एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) पार्टिशन आपल्या पहिल्या सेक्टरची, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या तुकड्याची, एक प्रत शेवटी ठेवतं. माझी जुनी डी डिस्कच्या मागच्या भागात होती आणि नवीन विंडोजनं तिथं फारसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून या दोन्हींपैकी जे शिल्लक होतं त्यावरून पार्टिशन सापडलं. यादीत त्या ओळीच्या आधी 'डी' अक्षर आलं तेव्हा मला वाटलं डी ड्राइव्हचंच. तसं नाही. तिथला डी म्हणजे डिलीटेड.

त्या ओळीवर जाऊन पी दाबलं. पडदा क्षणभर रिकामा झाला आणि माझे फोल्डर एकाखाली एक उतरले. पत्रिका, बिलबुक, फॉन्ट, स्मरणिका. नावं जशीच्या तशी, तारखा जशाच्या तशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायची मला गरज वाटली नाही.

इथं घाई करू नका, हे मी कळकळीनं सांगते. टेस्टडिस्क पार्टिशनची नोंद पुन्हा लिहूनही देतं, 'राइट' म्हटलं की झालं. पण आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. ए दाबलं की सगळं निवडलं जातं, कॅपिटल सी दाबलं की कॉपीचं ठिकाण विचारतं, ठिकाणावर पोचून पुन्हा कॅपिटल सी. स्मॉल सीनं नुसती समोरची एकच फाइल जाते, आम्ही एकदा फसलो. शेवटी हिरव्या अक्षरांत 'कॉपी डन' येतं आणि किती गेल्या, किती फसल्या तो आकडा. आमच्या ११ फसल्या. त्यातली एकही स्मरणिकेची नव्हती.

आता फोटोरेक. सीवरच्या डेस्कटॉपवर मी शाळेतून आणलेले स्कॅन ठेवले होते, आणि नवीन विंडोज नेमकी त्या सीवरच बसलेली. तिथं फोल्डरांची जुनी यादी उरलेली नव्हती. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. डिस्क सलग वाचत जातं आणि कुठल्या प्रकारची फाइल कशी सुरू होते त्या खुणेवरून ती उचलतं. त्यामुळं नावं मिळत नाहीत. एफ आणि पुढं आकडे, एवढंच नाव. 'रिकप डिर'चे एकामागोमाग फोल्डर तयार होतात. आम्ही फक्त जेपीजी निवडलं होतं तरी हजारोंनी निघाले, त्यात ब्राउजरनं साठवलेली चिल्लर चित्रंच जास्त. मी सगळे आकारानुसार लावले. माझे स्कॅन सहा-सात एमबीचे, ते आपोआप वर आले. यात क्यूफोटोरेक नावाची माउस चालणारी खिडकी मिळते, ती घ्या.

फॉन्टचं वेगळंच. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे नाहीत. त्यातलं मराठी मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेलं असतं. नवीन विंडोजवर ते फॉन्ट नसले की कोरल दुसरा फॉन्ट लावतं आणि मुख्याध्यापकांचं मनोगत कसल्याशा रोमन खुणांची रांगोळी होऊन समोर येतं. फाइल बिघडली असं समजून ती टाकून देऊ नका. माझ्या डीवर फॉन्टचा फोल्डर होता, तो परत मिळाल्यावर अक्षरं जागेवर आली.

तुमच्या मशीनवर पार्टिशन डिलीट न करता नुसती विंडोज पुन्हा टाकली असेल, तर या कशाचीच गरज नाही. सीमध्ये विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर बघा, त्यात यूजर्स, त्यात तुमचं जुनं नाव. अपग्रेड केलं असेल तर विंडोज तो दहा दिवसांनी आपण होऊन काढून टाकते, म्हणून आजच बघा. परवानगी नाही असं आलं तरी फाइली गेल्या असं नाही. नवीन विंडोजला तुम्ही नवे माणूस, नाव तेच ठेवलं तरी आतला ओळख क्रमांक वेगळा. सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनर इथं जाऊन मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, लावलेलं असेल तर मात्र ४८ आकडी रिकव्हरी की लागतेच. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते.

आणि डिस्क एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली चिपवाली, असेल तर माझ्या अनुभवावर भिस्त ठेवू नका. पुसलेल्या जागा विंडोज एसएसडीला कळवते आणि ती त्या खरोखर मोकळ्या करते. माझी जुनी, फिरणारी हार्ड डिस्क होती म्हणून हे जमलं. डिस्क कटकट आवाज करत असेल तर असले प्रयोग न करता रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्या.

मला वाटतं इतकं चोख काम करणारं साधन दुसरं नसेल. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या काळ्या पडद्यासाठी कापला.

एक फोटो मात्र पूर्ण आला नाही. १९२५ च्या पहिल्या तुकडीचा. फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडलेली असली की फोटोरेकला पुढचा तुकडा सापडत नाही. वरच्या रांगेतले गुरुजी आणि मोठी मुलं स्वच्छ दिसतात, खाली सगळं करडं. सोमवारी सकाळी मी स्कॅनर पिशवीत घालून शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी भिंतीवरची तसबीर उतरवून दिली, शिपाईमामांनी मागचे खिळे काढले, आणि खाली मांडी घालून बसलेली ती सहा मुलं मी पुन्हा स्कॅन करून आणली.