‘अपू’च्या तीन डिस्क, एका जुन्या ऑपरेटरच्या नजरेने

माझा भाचा बोटीवर असतो. मागच्या खेपेला अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावरून त्याने एक बॉक्स आणि एक प्लेअर आणला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “मामा, ह्या तुमका.” बॉक्स क्रायटेरियन या, जुने पिक्चर डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचा. आत बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांचे, अपू नावाच्या मुलाची गोष्ट सांगणारे ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९), तीन ब्लू-रे डिस्कवर. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही. भाच्याच्या हातून काही घेताना आकडा कळू नये हे बरं.

मी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. पहिली सहा वर्षं टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जत्रेमागून जत्रा करत. पाऊस लागला की तंबू गुंडाळायचा आणि घरी येऊन लावणीला वाकायचं. पुढे तालुक्याच्या थिएटरात. आमच्याकडे प्रिंट यायची ती मुंबई, पुणे, कोल्हापूर सगळं फिरून, एसटीच्या टपावर बसून, घाट उतरून. तोवर तिची पार म्हातारी झालेली असायची. रिळाचं पहिलं आणि शेवटचं टोक म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, आषाढातल्या सरी. दुपारभर पत्र्याच्या केबिनमध्ये बसून मी ब्लेडने इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, खरवडायचो, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचो आणि सांधा दाबून धरायचो. दर सांध्याला दोन-तीन फ्रेम जायच्या. ऐन गाण्यात सांधा आला की खालून शिट्ट्या. त्यामुळे कुठलाही पिक्चर लावला तरी माझी नजर आधी सांधे शोधते, गोष्ट नंतर. बायकोची यावर चाळीस वर्षांची तक्रार आहे.

या बॉक्सची गोष्टही मुळात सांध्यांचीच आहे. राय यांना १९९२ साली मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे त्यांचे चित्रपट दुरुस्त करून जपायचे म्हणून निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबोरेटरीत गेल्या. १९९३ च्या जुलैत त्या लॅबला आग लागली. तिथे नायट्रेटची जुनी फिल्म होती. नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या दारूची चुलतबहीण. जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते, म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. १९५० च्या आसपास तिचा जमाना संपला, माझ्या हातात ती कधी आली नाही. पण माझ्या उस्तादांनी ती चालवली होती. केबिनच्या दारात कुणाच्या तोंडात विडी दिसली की ते आधी कानाखाली वाजवायचे, मग नाव विचारायचे. सहज पेट न घेणारी सेफ्टी फिल्म येऊन किती वर्षं झाली, तरी त्यांचा हात काही थांबला नाही.

जळकी, वितळलेली, एकमेकींना चिकटलेली ती रिळं कुणीही उकिरड्यावर टाकली असती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ती ठेवून दिली. वीस वर्षं नुसती ठेवून दिली. २०१३ साली क्रायटेरियनच्या लोकांनी अकादमीबरोबर काम सुरू केलं आणि ती रिळं इटलीतल्या बोलोन्या शहरात ‘लिमाजिने रित्रोवाता’ या लॅबकडे गेली. तिथे पापडासारखी कडक झालेली फिल्म आधी द्रावणात मुरवून मऊ केली. तिच्यावरची वितळलेली टेप, डिंक, मेण काढलं. प्रोजेक्टरचे दात ज्यांत अडकतात ती बाजूची तुटलेली भोकं हाताने नव्याने बसवली. हे नुसतं हातकामच जवळजवळ एक हजार तासांचं. ज्याने भोकं दुरुस्त केली आहेत त्यालाच हा आकडा कळेल. एका फ्रेमला एका बाजूला चार भोकं, दुसऱ्या बाजूला चार, आणि सेकंदाला चोवीस फ्रेम. मी एका दुपारी फार तर हातभर पट्टी सरळ करायचो आणि संध्याकाळी बायकोला डोळे दुखतात म्हणून सांगायचो.

एवढं करून हाती काय लागलं? ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हमधली सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून थोडी अधिक. ‘अपूर संसार’ची वापरण्यासारखी उरलीच नाही. बाकीचं सगळं निरनिराळ्या संग्रहांत जपलेल्या फाइन-ग्रेन, म्हणजे बारीक दाण्याच्या, प्रिंट आणि ड्यूप निगेटिव्हवरून घेतलं. ड्यूप म्हणजे नकलेची नक्कल. ताकात पाणी घातलं की ताकच राहतं, पण जिभेला कळतं, तसं ते डोळ्याला कळतं. मग हे सगळं ४के, म्हणजे अगदी बारीक तपशिलात, स्कॅन करून महिनोन् महिने एकेक फ्रेम साफ केली आणि २०१५ मध्ये आधी थिएटरात, मग डिस्कवर आणलं.

आता दिसतं कसं ते. खिडकीवर घोंगडी टाकून, भर दुपारी, आम्ही दोघांनी ‘पथेर पांचाली’ लावला. हा मी पूर्वी एकदाच चालवला होता, एका कॉलेजच्या फिल्म सोसायटीने आणलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटवर, बाकांच्या मधे टेबल टाकून. त्या प्रिंटमध्ये अपू आणि दुर्गा रेल्वे बघायला काशाच्या फुलांतून धावतात तो प्रसंग म्हणजे पडद्यावर एक पांढरा पट्टा आणि त्यात दोन काळे ठिपके. या डिस्कवर तुरा न् तुरा सुटा दिसतो. वारा कुठून येतोय ते कळतं. गाडीचा धूर त्या पांढऱ्यापेक्षा वेगळ्या पांढऱ्याचा आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं.

आम्हा कोकणातल्या माणसांना त्या धावण्याबद्दल वेगळं सांगायला नको. आमची रेल्वे पुरती सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. पिढ्यान् पिढ्या नुसतं “येणार, येणार” ऐकलं होतं. कुडाळच्या बाजूला इंजिन पहिल्यांदा दिसणार असं कळलं तेव्हा मी मॅटिनी दुसऱ्याच्या गळ्यात घालून धाकट्याला खांद्यावर घेऊन कातळावर उभा होतो. तो घाबरून माझे केस ओढत होता आणि मी त्याला ओरडून सांगत होतो, बघ, बघ. टीव्हीपुढे बसून मला टाळूवर ते ओढणं आठवलं. असो.

बायको पडद्यावर म्हातारी इंदिर ठाकरुण आल्यापासून बोलायची थांबली होती. ते काम करणाऱ्या चुनीबालादेवींच्या गालांवरच्या सुरकुत्या एकेक मोजाव्यात अशा दिसतात. तिने एवढंच म्हटलं, “अगदी माझ्या आयेसारखी दिसता.” मग डोळ्याला पदर. मी मात्र तेव्हाही सांधे शोधत होतो, हे कबूल करतो.

आणि ते सापडतात! माझ्या मते या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. एक शॉट असा की तळ्यातल्या पाण्यावर पळणाऱ्या किड्यांचे पाय दिसावेत, आणि मधेच एखादा शॉट जरा मऊ, त्यातला काळा जरा जड. तिथे मूळ निगेटिव्ह जळालेली असणार आणि ठिगळ लागलेलं असणार. दुसऱ्या कुणी काँप्युटरवर सगळं घोटून एकसारखं गुळगुळीत केलं असतं. हल्ली टीव्हीवर जुने पिक्चर ‘एचडी’ म्हणून दाखवतात त्यात माणसांचे चेहरे गणपतीच्या शाळेतून नुकतेच आल्यासारखे असतात, रंग ओला, सुरकुती नाही. इथे फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला मूळचा रवाळपणा, जागेवर आहे. रेघा आणि डाग काढले आहेत, जिथे निघाले नाहीत तिथे सोडून दिले आहेत. गोधडीला ठिगळ दिसलं म्हणून ऊब कमी होत नाही.

‘अपराजितो’ मला तिघांत चित्र म्हणून जास्त आवडला. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराचा सेट स्टुडिओत असताना वर कापड ताणून त्यावरून उजेड परतवून घेतला होता, म्हणजे चौकात आभाळाचा पडतो तसा तो पसरावा. वाचलं होतं, पण आता दिसलं. भिंतीवर सावलीची धार कुठे नाही, आमच्या माजघरात सकाळी आठला असतो तसा उजेड. याच चित्रपटाला १९५७ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. ‘अपूर संसार’ पूर्ण ड्यूपवरून असूनही वाईट नाही, दाणा थोडा जाड. शर्मिला टागोरचा पहिला पिक्चर. तिच्याबद्दल बायको आणि मी वेगवेगळं बोलतो, ते इथे नको.

आवाज मूळचा आहे तसा मोनो ठेवलाय, हे उत्तम. थोडी खरखर आहे. अपूचा बाप हरिहर परत येतो आणि आई सर्वजया रडते, तिथे तिचा आवाज नाही, रविशंकरांनी घातलेली तारशहनाई, हे गजाने वाजवायचं वाद्य, आहे. ती चढताना पूर्वी स्पीकर फाटल्यासारखा वाटायचा. इथे ती फाटत नाही, कापते.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या डिस्कवर फिल्म तिच्या खऱ्या वेगाने, सेकंदाला २४ फ्रेमनेच चालते. आपल्याकडच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५. फिल्म तशी पळवली की १२५ मिनिटांचा ‘पथेर पांचाली’ १२० मिनिटांत उरकतो. एक फ्रेमही कापलेली नसते, तरी पाच मिनिटं गायब. पण वेळेपेक्षा सूर जातो ते वाईट. आवाज चार टक्के पळाला की स्वर पाऊण पट्टीने चढतो. मी गावच्या भजनात पेटी वाजवतो. ‘संत तुकाराम’ची व्हीसीडी लावून विष्णुपंत पागनिसांच्या अभंगामागे पेटी धरायला गेलो, तर सूर पांढरीत बसेना आणि काळीतही बसेना. बुवा म्हणाले तुझी पेटी उतरलीय. पेटी ठीक होती, डिस्क धावत होती.

त्या व्हीसीडीबद्दल बोलायचंच तर बोलतो. कंपनीचं नाव घेत नाही. १९३६ चा पिक्चर, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, व्हेनिसने १९३७ साली, म्हणजे ‘अपराजितो’च्या वीस वर्षं आधी, गौरवलेला. आणि डिस्कवर काय? कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, नेमका जिजाईच्या कपाळावर. वरून चित्र छाटलेलं. पहिली डिस्क अभंगाच्या अर्ध्या ओळीवर संपायची, उरलेली ओळ डिस्क बदलून ऐका. कुठल्या तरी झिजलेल्या प्रिंटवर कॅमेरा रोखून उरकलेलं काम. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, चाळीस रुपयांत आणखी काय पाहिजे. त्याचंही बरोबर होतं.

आग आपल्याकडेही लागली. पुण्यात, २००३ च्या जानेवारीत, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट ठेवलेल्या कोठारात. त्यात प्रभातच्या किती तरी मूळ निगेटिव्ह गेल्या. बोलोन्याची करामत वाचल्यापासून मला एकच प्रश्न छळतो. त्या राखेतून, डब्यांच्या तळाशी, चिकटलेलं, वाकडं झालेलं काही कुणी उचलून ठेवलं असेल का? आपल्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एकही प्रिंट जगात नाही. जुन्या फिल्मा चांदीसाठी वितळवल्या जायच्या हे मी माझ्या उस्तादांच्या तोंडूनच ऐकलंय, आणि ते सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. किलोवर जायची.

बॉक्समध्ये दुरुस्तीचं काम दाखवणारी छोटी फिल्मही आहे. हातमोजे घातलेली माणसं, समोर जळकं रीळ. ती मी तीनदा पाहिली. शिवाय मोठ्या अपूचं काम केलेले सौमित्र चॅटर्जी, शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आणि राय यांच्या आवाजातलं १९५८ चं ध्वनिमुद्रण. सगळं इंग्रजीत.

हीच पहिली अडचण. संवाद बंगाली, सबटायटल फक्त इंग्रजी. मी एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येते. शेवटी पुतणी शेजारी बसून मराठीत सांगत गेली, आणि निम्म्या बंगाली शब्दांना आम्हाला तिची गरज पडली नाही. दुसरी अडचण मोठी. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते झोनवर ठरतं; ही डिस्क ए झोनची, आपले प्लेअर सी झोनचे. इथल्या दुकानातल्या प्लेअरमध्ये टाकलीत तर तो ती घेणार नाही. म्हणून भाच्याने प्लेअरही तिथलाच आणला. लावण्याआधी त्याची पाठ वाचा. आमच्याकडच्यावर १२० व्होल्ट लिहिलंय. सरळ बोर्डात खुपसला असता तर त्याचीही लंडनची लॅब झाली असती. कणकवलीहून ट्रान्सफॉर्मर आणला. तो गुणगुणतो, शांत प्रसंगात ऐकू येतो, त्यावर घडी घातलेलं किलतान, म्हणजे गोणपाट, टाकलंय.

राहिला पाऊस. माझ्या सगळ्या व्हीसीडी एका जुलैत गेल्या, आतून बुरशीचे नकाशे उमटले. अॅसिटेटची फिल्म, तीच सेफ्टी, दमट हवेत आंबते तेव्हा तिला माडीच्या व्हिनेगरचा वास येतो. थिएटरचं गोदाम मी डोळे मिटून वासावरून ओळखायचो. ब्लू-रेला वास येत नाही, पण तिचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ वर. वरून कडक लेप आहे म्हणतात, तरी माझा विश्वास नाही. तिन्ही डिस्क डब्यात, डबा ट्रंकेत, ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर शेकायच्या. मालवणातल्या ज्या मित्रांनी बॉक्स मागितला आहे त्यांनी गणपती झाल्यावर यावं. येताना चष्मा आणावा. डिस्क घरी नेता येणार नाही.