'फँड्री' की 'सैराट': चर्चेसाठी एकच लावायचा तर

कॉलेजात, वाचनालयात किंवा एखाद्या शिबिरात सिनेमा दाखवायचा आणि मग जात, माध्यमं, पडद्यावर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही यावर बोलायचं असं ठरलं, की गाडी हमखास या दोन नावांवर येते. दिग्दर्शक एकच, नागराज मंजुळे. नगर-सोलापूरकडचा मुलूखही दोन्हीकडे ओळखीचा. वरवर पाहता गोष्टही तीच: गावकुसाकडचा मुलगा, वरच्या घरातली मुलगी. म्हणून 'कुठलाही लावा हो, काय फरक पडतो' म्हणणारे भेटतात. मी दोन्ही लावून पाहिले आहेत, निरनिराळ्या लोकांपुढे. फरक पडतो, आणि तो सिनेमा चालू असताना कमी, दिवे लागल्यावर जास्त कळतो.

आधी 'सैराट'ची बाजू, कारण ती खरोखर जड आहे. फलकावर नाव लिहिलं की लोक येतात. जातीवर चर्चासत्र आहे म्हटलं तर जो माणूस त्या रस्त्यानेही फिरकणार नाही, तो 'सैराट'ला बायकापोरांसकट पुढची खुर्ची धरतो. 2016च्या एप्रिलअखेर आलेला हा सिनेमा 100 कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. माध्यमांच्या ताकदीबद्दल बोलायचं तर हा आकडा बाजूला ठेवून कसं चालेल? पन्नास लोकांनी बघून मान डोलावलेला सिनेमा आणि अख्ख्या तालुक्याने डोक्यावर घेतलेला सिनेमा यांचं वजन सारखं नसतं.

शिवाय आर्ची आहे, सिनेमाची नायिका, पाटलाची मुलगी. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 1975च्या लेखात म्हटलं होतं की सिनेमात बघतो तो पुरुष, आणि बघितली जाते ती बाई. 'सैराट'मध्ये हे उलटं होतं. आर्ची नायकाकडे, परश्याकडे, रोखून बघते आणि लाजतो तो. बुलेट तिची, ट्रॅक्टर तिचा, जरबही तिचीच. मुलींच्या वर्गात हे समजावून सांगावं लागत नाही, मागच्या बाकावरून आपोआप शिट्टी येते. चर्चा नीट चालवलीत तर पुढचा प्रश्नही निघतो: ही ऐट आली कुठून? विहिरीवर येऊन ती पोरांना बाहेर निघायला सांगते, तेव्हा बोलत असतं ते पाटलाचं घर. परश्याबरोबर पळून गेल्यावर हैदराबादच्या झोपडपट्टीत ते घर पाठीशी नसतं आणि तिचा आवाजच बदलतो. बाई म्हणून तिचं बळ आणि जात म्हणून तिचं बळ एकमेकांत कसं गुंतलंय, हे इतकं सोपं करून सांगणारा दुसरा मराठी सिनेमा मला तरी चटकन आठवत नाही.

आणि आर्चीचा भाऊ प्रिन्स. वर्गात फोनवर बोलत आलेल्या त्या पोराला सर हटकतात आणि तो त्यांच्या कानाखाली देतो. वर्चस्व म्हणजे काय यावर तासभर बोलण्यापेक्षा तेवढा तुकडा दोनदा दाखवावा.

एवढं सगळं असून माझी अडचण होते ती एका गाण्यापाशी. झिंगाट.

गाण्याशी भांडण नाही, वरातीत मीही नाचलोय. पण हॉलमध्ये ते सुरू झालं की पोरं उठतात, खुर्च्या सरकतात, मोबाइल वर होतात, आणि तिथून पुढे माणसं सिनेमा बघत नाहीत, साजरा करतात. ते गाणं कुठे वाजतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. ते वाजतं प्रिन्सच्या वाढदिवसाला, म्हणजे पाटलाच्या दारात. ज्याच्या दारात परश्या बेभान होऊन नाचतोय, त्याच घरच्यांच्या हाती तो थोड्याच वेळात सापडणार असतो. दिग्दर्शकाने हे मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलंय. प्रेक्षक मात्र गाणं घेऊन जातो आणि मारहाण तिथेच ठेवून जातो.

बरं, गाणं विसरू. शेवट तरी बोलता करेल ना? शेवटी हॉल चिडीचूप होतो, हे खरं. बायका डोळे पुसतात. पण मग माइक फिरवला की काय येतं ते सांगतो. एक काका उठतात: "सर, पोरांनी शिकायच्या वयात हे उद्योग करायलाच नको होते." मागून मावशी: "आईबापाचं काळीज कुणी बघत नाही." तिसरा म्हणतो, पळूनच जायचं तर लांब जायचं, पत्ता कशाला कळू द्यायचा. म्हणजे आर्चीच्या घरच्यांनी तिचा आणि परश्याचा खून केला, त्यांच्या लहान लेकराच्या पावलांना रक्त लागलं, आणि हॉलमध्ये हिशेब चाललाय तो मेलेल्यांच्या चुकांचा. मारणाऱ्यांचं नावही कुणी काढत नाही. आमच्याकडच्या एका कॉलेजात तर समारोपाला आलेल्या पाहुण्यांनी मुलींना मोबाइल जपून वापरायचा सल्ला देऊन टाकला. मी खाली बसून आयोजकांकडे बघत होतो, आयोजक चहाकडे.

स्टुअर्ट हॉल यांनी 1973 साली टीव्हीच्या संदर्भात हेच मांडलं होतं: बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो, बघणारा तोच अर्थ घेईल याची हमी नसते. आपापल्या घरातून आणलेल्या समजुतीवर तो जुळवून घेतो. मान्य. पण काही सिनेमे अशा जुळवून घेण्याला जास्त जागा ठेवतात, असं मला वाटतं. 2018मध्ये 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, जात पातळ होत होत उच्चारण्यापुरती राहिली, आणि गाणी होतीच. तरी प्रेमकथा म्हणून तो उभा राहिलाच. आता 'फँड्री'तून जात काढून बघा. काहीच उरत नाही. एक पोरगा आणि एक डुक्कर.

म्हणून माझा काटा 'फँड्री'कडे झुकतो. इथेही नाच आहे, आणि तुलना करायचीच तर या दोन नाचांची करा. जत्रेत जब्या, म्हणजे 'फँड्री'तला शाळकरी पोरगा, नवे कपडे घालून, त्याला आवडणाऱ्या शालूला आपण दिसू अशा बेताने नाचतोय, आणि बाप त्याच्या डोक्यावर बत्ती देतो. नाचणाऱ्यांना उजेड हवा, तो धरणारं डोकं कुणाचं हे गावात ठरलेलं. त्या मुलाचा चेहरा बत्तीखाली जसा होतो तो बघताना हॉलमधलं कुणी ताल धरत नाही. गाणं बाहेर नेता येईल अशी सोयच ठेवलेली नाही.

मग डुक्कर पकडण्याचा प्रसंग. तो चांगला लांब चालतो आणि सुरुवातीला हॉल हसतो, हसू दे. चिखलात धावणारं कुटुंब, निसटणारं जनावर, बाजूला बसून मजा बघणारं गाव. तुमचे प्रेक्षकही त्या गावात जाऊन बसलेले असतात, त्यांना फक्त ते कळलेलं नसतं. मग शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थांबतो, त्याच्यामागे घरचेही थांबतात, आणि डुक्कर काही थांबत नाही. इथे हसू जरा अडखळतं. किशोर कदमांनी साकारलेला बाप त्या क्षणी नुसता उभा आहे, पण त्याच्या उभं राहण्यातच सगळा कामाचा खोळंबा दिसतो. पुढे बांधलेलं जनावर खांद्यावर घेऊन ते चालतात, आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. कुणीही भाषण करत नाही. आणि अगदी शेवटी जब्याने भिरकावलेला दगड येतो तो थेट आपल्याच दिशेने.

यानंतर माइक फिरवला की पोरांच्या चुका काढायला कुणाला वाव नसतो. जब्याने काय चूक केली म्हणणार? माझ्या अनुभवात पहिल्यांदा कुणी बोलतच नाही. मग एखादा सावकाश म्हणतो, "आम्हीपण हसलो ना." बस, इथून पुढे तुम्हाला फार काही करावं लागत नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. पहिला अर्धा तास संथ आहे. काळ्या चिमणीच्या मागे जब्याचं रानोमाळ हिंडणं शहरी मुलांना रेंगाळल्यासारखं वाटतं, काहीजण मोबाइल काढतात. गर्दी 'सैराट'च्या निम्मीही होत नाही. उलट वेळेचा हिशेब 'फँड्री'च्या बाजूने आहे: पावणेदोन तासांच्या आत संपतो, तर 'सैराट' जवळजवळ तीन तास घेतो आणि शेवटची एसटी चुकवतो. चर्चा खायला एवढं कारण पुरतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर. वर्गात जब्याच्या कैकाडी किंवा तशा समाजातली मुलं असतील, तर दुसऱ्या दिवशी त्यांना सिनेमाच्या नावाने (फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर) हाका मारणारे महाभाग निघू शकतात. पडद्यावर आपला माणूस दिसणं म्हणजे दरवेळी मान वाढणंच असतं असं नाही. शिक्षकांशी आधी बोला, आणि सिनेमा झाल्यावर लगेच पांगू देऊ नका. ही जबाबदारी घेणारं कुणी नसेल तर खरं सांगतो, 'सैराट'च लावा. तिथे दुखावलं जाण्याचा धोका कमी, निदान आर्चीवर तरी चांगलं बोलणं होईल.

काहीजण 'कोर्ट' हा लोकशाहिरावरच्या खटल्याचा सिनेमा सुचवतात. सिनेमा म्हणून तो मला या दोघांइतकाच प्रिय आहे, पण लोकशाहीर, मुंबई, कोर्टाच्या तारखा हे सगळं आमच्या प्रेक्षकांना तिकडचं वाटतं. 'बिचारे' म्हणून ते मोकळे होतात.

तुमचे प्रेक्षक कोण यावर बरंच ठरेल, तेव्हा माझं म्हणणं शेवटचं मानू नका. पहिल्यांदाच उपक्रम सुरू करताय आणि खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या वेळी हॉल मिळणार नाही, अशी स्थिती असेल तर 'सैराट'ने सुरुवात करण्यात गैर काही नाही. फक्त झिंगाट संपल्यावर सिनेमा दोन मिनिटं थांबवा आणि हा वाढदिवस कुणाचा होता एवढंच विचारा. ओरडा होईल, होऊ द्या. आणि ठरलेला, येणारच असा प्रेक्षक हाताशी असेल, मग तो तीस-चाळीस का असेना, तर 'फँड्री' लावा. दोन्हीकडे जाहीर खेळाची परवानगी आधी घ्या, आणि आवाजाची चाचणी त्याच हॉलमध्ये करा, कारण 'फँड्री'तले संवाद हळू आहेत आणि पंख्याच्या घरघरीत बापाचं अर्धं बोलणं वाया जातं.